छोट्या विमानातलं स्टॉल वॉर्निंग आणि त्याची टेस्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारामती, गोंदिया, शिरपूरला फ्लाइंग शिकणारी मुलं, एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, अभ्यास करणारे आणि नुसतंच विमानांचं वेड असलेले लोक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलंय. स्टॉल वॉर्निंग म्हणजे पंख स्टॉल व्हायच्या (प्रश्न १) जरा आधी पायलटला सावध करणारा सेन्सर आणि त्याचा हॉर्न. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर प्रश्नाचा नंबर दिलाय. एक सुरुवातीलाच सांगतो, हे वाचून कोणी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन पंखाकडे जाऊ नये, विमानाचं मॅन्युअल आणि तुमचे इन्स्ट्रक्टर सांगतील तेच फायनल.

१. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना? गाडी चढावर स्टॉल होते तसं?

नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं, आणि इंजिनच नसलेलं ग्लायडर तासन्तास स्टॉल न होता उडतं. स्टॉल होतो तो पंख. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला जो कोन, अँगल ऑफ अटॅक, पुढे सगळीकडे एओए म्हणतो, तो वाढत वाढत एका हद्दीपलीकडे गेला की वरच्या बाजूला चिकटून वाहणारी हवा पंखापासून सुटते आणि लिफ्ट, म्हणजे विमान वर धरणारी उचल, धाडकन कमी होते. बहुतेक छोट्या विमानांत ही हद्द १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. सुटायचं असेल तर आधी नाक खाली, म्हणजे कोन कमी, पॉवर त्यानंतर.

२. स्पीड मीटर आहे की, मग वेगळा सेन्सर कशाला?

कारण स्टॉल स्पीड हा एक फिक्स आकडा नाहीये. सेसना १७२ एसच्या स्पीड मीटरवर हिरवा पट्टा ४८ नॉटपासून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुरू होतो, तो फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) वर, वजन पूर्ण आणि पंख सरळ असतानाचा स्टॉल. तेच विमान उंची न सोडता ६० अंश बँक करून, म्हणजे एका बाजूला कलवून, वळवलं की पंखावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉल स्पीड ४१ टक्क्यांनी वाढून ६८ नॉटच्या घरात जातो, पण मीटरवरचा पट्टा जिथे छापलाय तिथेच. ४५ अंशाला वाढ १९ टक्के. एकटे उडत असाल तर वजन कमी म्हणून स्टॉल स्पीडही कमी. कोनाची हद्द मात्र वजन बदला, बँक बदला, जवळपास तीच राहते, म्हणून सेन्सर कोन बघतो. (फ्लॅपची भानगड वेगळी, प्रश्न ९.)

३. हे सेन्सर असतात तरी कसे? आमच्या विमानाला तर नुसतं एक भोक दिसतं.

ते भोकच सेन्सर आहे! सेसना १५२, १७२ मध्ये डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते, तिथून नळी कॉकपिटच्या वरच्या कोपऱ्यातल्या पिपाणीपर्यंत जाते. कोन वाढला की पंखावरचा कमी दाबाचा भाग पुढे सरकत कडेपर्यंत येतो, त्या फटीतून हवा बाहेर ओढली जाते आणि पिपाणी वाजते. वीज नाही, वायर नाही, बॅटरी मेली तरी वाजणार. इतकी साधी गोष्ट इतकं महत्त्वाचं काम करते हे मला अजूनही भारी वाटतं. डायमंड डीए४० मध्येही तत्त्व हेच, डाव्या पंखावर लाल गोल काढलेला असतो त्याच्या आत भोक.

पायपर पीए-२८ मध्ये मात्र पुढच्या कडेतून एक पत्र्याची छोटी जीभ बाहेर आलेली असते. समोरून येणारी हवा पंखाच्या कडेवर आपटून वर आणि खाली अशी दुभंगते, ती दुभंगण्याची रेष कोन वाढला की खाली सरकते. रेष जिभेच्या वर आहे तोवर हवा जिभेला खाली दाबून ठेवते, रेष जिभेच्या खाली गेली की तीच हवा तिला वर उचलते, आतला स्विच लागतो आणि हॉर्न किंवा लाल दिवा. या पद्धतीच्या वॉर्निंगच्या मागे अमेरिकेचे लिओनार्ड ग्रीन, त्यांनी १९४६ मध्ये सेफ फ्लाइट नावाची कंपनी काढली ती याच जोरावर.

तिसरा प्रकार मोठ्या विमानांत जास्त, वाऱ्याच्या दिशेने फिरणारं पातं, ज्याला व्हेन म्हणतात, किंवा दाबातला फरक मोजणारा प्रोब. पहिले दोन फक्त वाजलं की नाही वाजलं एवढंच सांगतात, हा तिसरा प्रत्यक्ष कोन सांगतो, त्यामुळे शेकर, पुशर वगैरे (प्रश्न १०) यावर चालतात.

४. प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, पंखाला तोंड लावून हवा ओढतात हे खरं आहे का, की सीनियर आमची मजा घेतायत?

खरंय, मॅन्युअलमध्येच लिहिलंय. सेसनाच्या फटीवर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडाने हवा ओढायची, आवाज आला पाहिजे. रुमाल किड्यामुंग्यांसाठी आणि धुळीसाठी, विसरू नका. फुंकायचं नाही, फुंकलं तर भोकात असलेला कचरा आणखी आत जातो. तोंड लावायची किळस येत असेल तर सक्शन कप आणि रबरी फुग्याचं छोटं यंत्र मिळतं. पायपरवाल्यांनी आधी मास्टर स्विच ऑन करायचा, मग बोटाने जीभ अलगद वर उचलायची, अलगद म्हणजे खरंच अलगद, का ते प्रश्न ७ मध्ये.

५. जमिनीवर हॉर्न वाजला म्हणजे सिस्टीम ओके, बरोबर?

अर्धवट बरोबर, आणि माझ्या मते या अख्ख्या पानावरचा हाच प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. जमिनीवरच्या टेस्टने एवढंच कळतं की नळी तुंबलेली नाही, पिपाणी जिवंत आहे, वायर तुटलेली नाही. हॉर्न कुठल्या कोनाला वाजेल हे त्यातून अजिबात कळत नाही, कारण तुम्ही ओढलेली हवा किंवा तुमचं बोट म्हणजे पंखावरचा वारा नव्हे. पंखाची पुढची कड ठोकर लागून दबली, दुरुस्तीनंतर रंगाचा जाड थर बसला, सेन्सरची पट्टी दोनेक मिलिमीटर वरखाली बसली, तरी रुमालाची टेस्ट दणक्यात पास होणार आणि हवेत हॉर्न उशिरा वाजणार.

व्हेनवाल्या सिस्टीममध्ये मध्ये आणखी एक पायरी असते, पात्याला कोनमापकाची फ्रेम लावून ते ठरावीक अंशांवर फिरवायचं आणि कॉम्प्युटरला तेवढेच अंश दिसतायत का हे ताडून बघायचं. ही पायरी घाईत उडवली तर काय होतं त्याचं उदाहरण प्रश्न १३ मध्ये. पण शेवटी वेळेवर वाजतं का, याचा पुरावा हवेतच मिळतो.

६. मग हवेत टेस्ट कशी करतात? मुद्दाम स्टॉल करतात?

हो, मुद्दाम, पण पद्धतीने. छोट्या विमानांसाठी जगभर ज्यांचा आधार घेतला जातो त्या अमेरिकन पार्ट २३ नियमांत वर्षानुवर्षं अशी अट होती की वॉर्निंग स्टॉलच्या निदान ५ नॉट आधी सुरू व्हावं आणि स्टॉल होईपर्यंत चालू राहावं, सरळ उडताना आणि वळणात दोन्हीकडे, फ्लॅप आणि चाकं कुठल्याही नेहमीच्या स्थितीत. नुसता दिवा चालत नाही, कारण पायलट बाहेर बघत असेल तर दिवा कोण बघणार. गंमत म्हणजे यंत्र सक्तीचं नव्हतं, विमान स्वतःच स्पष्ट थरथरून इशारा देत असेल तर तेही चालायचं. २०१७ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले आणि बरेच आकडे नियमातून निघून त्यामागच्या स्टँडर्डमध्ये गेले, पण मूळ विचार तोच आहे.

प्रत्यक्षात विमान स्टॉल स्पीडच्या दीडपट वेगावर ट्रिम करायचं, म्हणजे हात न लावता त्या वेगावर राहील असं बसवायचं, मग नाक हळूहळू वर घेत वेग सेकंदाला १ नॉटपेक्षा जास्त घटू द्यायचा नाही. का, तर झपकन ओढलं की लिफ्ट कोसळायला किंचित उशीर होतो आणि विमान प्रत्यक्षापेक्षा कमी वेगाला स्टॉल झालं असं वाटतं, म्हणजे कागदावर मार्जिन फुगतं. तीन गोष्टी लिहून घ्यायच्या, हॉर्न कधी लागला, थरथर कधी सुरू झाली आणि नाक कधी पडलं. हेच पॉवर बंद ठेवून, मग सर्टिफिकेशनच्या टेस्टमध्ये ७५ टक्के पॉवरला, फ्लॅपच्या प्रत्येक स्थितीत, ३० अंशांच्या वळणात, आणि वळणातच सेकंदाला ३ ते ५ नॉट अशा झटपट घटीनेसुद्धा. वजनाचा मध्य पुढे असताना स्टॉल स्पीड सगळ्यात जास्त येतो आणि मागे असताना विमान सगळ्यात वाईट वागतं, म्हणून दोन्ही टोकांना करायचं, त्यासाठी विमानात वजनं बांधून ठेवतात.

आणखी एक खोच, एवढ्या कोनाला पिटो ट्यूबमध्ये (वेग मोजणारी नळी) हवा तिरकी शिरते आणि स्पीड मीटर स्वतःच काही नॉट कमी दाखवतो. म्हणून हॉर्नचा वेग मीटरवरचा आणि स्टॉलचा वेग दुरुस्त केलेला अशी भेसळ करायची नाही, ५ नॉटचं मार्जिन या घोळातच गायब होऊ शकतं. वेळ पहाटेची बरी, दुपारी थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, सुरू झाले की आकड्यांना काही अर्थ राहत नाही. उंची भरपूर ठेवायची, आणि नवीन डिझाइन असेल तर शेपटीला स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली येणं) बाहेर काढणारं पॅराशूट लावतात.

७. हॉर्न फार लवकर किंवा फार उशिरा वाजतोय, ॲडजस्ट होतो का?

होतो, पण एएमईकडून, मॅन्युअल समोर उघडं ठेवून. पायपरमध्ये सेन्सरच्या प्लेटचे स्क्रू ढिले करून प्लेट वरखाली सरकवतात, वॉर्निंग उशिरा येत असेल तर वर, लवकर येत असेल तर खाली (दुभंगण्याच्या रेषेचं प्रश्न ३ मधलं गणित डोक्यात ठेवलं की पाठ करावं लागत नाही). सेसनातही फटीची पट्टी अशीच हलते. थोडंसं हलवायचं, उडायचं, आकडे घ्यायचे, परत यायचं, कंटाळवाणं काम आहे. पायपरची जीभ वाकवून ॲडजस्ट करणं सक्त मना आहे, आणि विमान ढकलताना किंवा पुसताना ती चुकून वाकली तर परिणाम तोच, म्हणून प्रीफ्लाइटला अलगद.

८. लँडिंगला दरवेळी हॉर्न वाजतो, बिघाड आहे का?

नाही हो, चांगलं लँडिंग आहे. टेकताना विमान स्टॉलच्या जवळच असतं. उन्हाळ्यात फायनलवर (उतरण्याआधीचा धावपट्टीकडचा सरळ टप्पा) धक्के बसताना क्षणभर पीप झालं तरी घाबरू नका, झोताने कोन क्षणभर वाढतो. पण फायनलवर सलग वाजत राहिला तर ती सेन्सरची तक्रार नाही, तुमच्या स्पीडची आहे.

९. सेन्सर फक्त डाव्या पंखाला, मग उजवा पंख आधी स्टॉल झाला तर?

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर जरा अस्वस्थ करणारं आहे. बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी कॉकपिटमधली गोळी) मध्यभागी असेल तर दोन्ही पंखांवरचा कोन जवळपास सारखा, एक सेन्सर पुरतो. रडर (शेपटीचं उभं सुकाणू) चुकीचा दाबून विमान तिरकं चाललं असेल, बेसवरून (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) फायनलवर ओढून वळवताना होतं तसं, तर दोन पंखांवरची हवा वेगळी असते आणि डावीकडचा सेन्सर उजवीकडची बातमी उशिरा देऊ शकतो. स्टॉल अधिक तिरकं विमान म्हणजे स्पिन, तोही सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या) उंचीवर, जिथे सावरायला जागा नसते. म्हणून हॉर्नइतकंच बॉलकडे लक्ष पाहिजे.

फ्लॅपचंही असंच. फ्लॅप खाली गेले की दुभंगण्याची रेष सरकते आणि स्टॉलचा कोनही बदलतो, सेन्सर मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे त्याची जागा ही तडजोड असते, फ्लॅप वर असताना ७ नॉट आधी वाजणारा फ्लॅप खाली असताना ५ नॉटला वाजेल. काही विमानांत म्हणूनच दोन जिभा असतात, आणि कॉम्प्युटरवाल्या सिस्टीम फ्लॅपची स्थिती वेगळी वाचून हिशोब करतात, तिथे फ्लॅपचा सेन्सर चुकला की स्टॉल वॉर्निंगही चुकतं.

१०. स्टिक शेकर आणि स्टिक पुशर यात फरक काय? छोट्या विमानात असतात का?

शेकर म्हणजे स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) थरथरवणारी मोटर, फक्त इशारा. पुशर स्वतः स्टिक पुढे ढकलतो, विचारत बसत नाही. १७२ मध्ये यातलं काही नाही, गरजच नाही, ते बिचारं सौम्यपणे नाक टाकतं. पण ज्या विमानाचा खरा स्टॉल वाईट आहे, पंख झटकन पडतो किंवा टी आकाराची शेपूट पंखाच्या मागच्या गढूळ हवेत सापडते, तिथे खऱ्या स्टॉलपर्यंत जाऊच द्यायचं नाही म्हणून पुशर बसवतात. पिलाटस पीसी-१२ मध्ये एकच इंजिन असूनही दोन्ही आहेत, सिरस व्हिजन जेटमध्येही. टी शेपटीचा धडा महागात मिळाला, २२ ऑक्टोबर १९६३ ला ब्रिटनमध्ये बीएसी वन-इलेव्हनचं पहिलं विमान स्टॉलच्या टेस्टमध्येच डीप स्टॉलमध्ये (शेपूट त्या गढूळ हवेत सापडून नाक खालीच न येणं) अडकलं आणि आतले सातही जण गेले. त्यानंतर अशा शेपटीच्या जेट विमानांत पुशर रुळला.

११. पुशरची टेस्ट कशी होते? चुकून टेकऑफला ढकललं तर?

नेमकी हीच भीती असते, म्हणून पुशरच्या दोन टेस्ट उलट्या दिशेच्या असतात. एक, ढकलायला हवं तेव्हा ढकलतो का. दोन, ढकलायला नको तेव्हा गप्प बसतो का, आणि ही दुसरी जास्त किचकट, कारण चुकून ढकलण्याची हजार कारणं तपासावी लागतात, सेन्सर अडकला, वायर तुटली, वीज क्षणभर गेली, जोराचा झोत आला. पीसी-१२ मध्ये दोन्ही पंखांना एकेक व्हेन आणि दोन कॉम्प्युटर, शेकर एका कॉम्प्युटरच्या सांगण्यावर लागतो पण पुशरला दोघांचं एकमत लागतं. शिवाय स्टिकवर तो तोडायचं बटण असतं. रोजच्या ग्राउंड टेस्टमध्ये टेस्ट बटण दाबून शेकर थरथरतो का, पुशर ढकलतो का आणि बटण दाबल्यावर सोडतो का हे बघतात, यातलं शेवटचं लोक गाळतात आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं.

१२. नवीन विमानांत ऑटोपायलटच स्टॉल होऊ देत नाही म्हणतात, मग हॉर्न कशाला?

गार्मिनची ईएसपी वगैरे सिस्टीम, नव्या सिरसमध्ये असते ती, ऑटोपायलट बंद असतानाही त्याच्याच सर्व्हो मोटरी वापरून स्टिकला हलका दाब देते, वेग फार घटला तर नाक खाली. पण दाब मुद्दाम एवढाच ठेवलेला असतो की पायलट हाताने सहज मोडू शकेल, आणि ऑटोपायलट तोडायचं बटण दाबून धरलं की ती बाजूला होते. म्हणजे स्टॉल होऊ देत नाही हे खरं नाही, स्टॉल करायला थोडी मेहनत लावते म्हणा. टेस्टिंगमध्ये त्यामुळे सर्व्होचा जोर दोन्ही बाजूंनी मोजावा लागतो, फार कमी असेल तर उपयोग नाही, फार जास्त असेल तर पायलटशी कुस्ती.

१३. दोन-तीन सेन्सर असले की एक बिघडला तरी चालतं ना?

सगळे एकाच कारणाने बिघडले तर नाही, आणि सिस्टीम त्यातल्या एकाचंच ऐकत असेल तरी नाही. खालची दोन्ही उदाहरणं मोठ्या विमानांची आहेत पण धडा लहानालाही लागू आहे. २७ नोव्हेंबर २००८, फ्रान्समध्ये पेर्पिन्याँजवळ एक एअरबस ए३२० चेक फ्लाइटवर होतं. आधी रंगकामासाठी धुताना एओए सेन्सर न झाकता पाणी मारलं होतं, ते आत शिरलं, उंचीवर गोठलं आणि तीनपैकी दोन सेन्सर जवळपास सारख्याच कोनात अडकले. दोघांचं जुळतंय म्हटल्यावर चांगला तिसरा एकटा पडला. त्यातच पायलट लोकांनी कमी वेगाचं संरक्षण तपासायची टेस्ट खूप कमी उंचीवर केली, ते संरक्षण आलंच नाही, सात जण गेले.

दुसरं लायन एअरचं ७३७ मॅक्स, २९ ऑक्टोबर २०१८, १८९ मृत्यू. आदल्या दिवशी डावा एओए सेन्सर बदलला होता, तो रिपेअरमध्येच २१ अंश चुकीचा सेट झालेला, आणि बसवल्यावरची टेस्ट झाल्याची नीट नोंद चौकशीत सापडली नाही. एमकॅस (नाक आपोआप खाली करणारी मॅक्समधली सिस्टीम) त्या एकाच सेन्सरवर विसंबून नाक खाली दाबत राहिलं. नंतरच्या सुधारणेत ते दोन्ही सेन्सर बघतं आणि त्यांच्यात ५.५ अंशांहून जास्त फरक असेल तर गप्प राहतं. प्रश्न ५ मधली कोनमापकाची पायरी आठवा, २१ अंशांची चूक त्या फ्रेमने लगेच पकडली असती.

१४. पावसाळ्यात आणि विमान धुताना काय काळजी घ्यायची?

धुण्याआधी फट, पिटो, स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक) सगळं झाकायचं, आणि झाकायला भडक रंगाची टेप किंवा लाल फीत लावलेलं कव्हर, कारण पारदर्शक टेप काढायची राहून जाते. प्रेशरचं पाणी सेन्सरवर नाहीच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघड्यावर उभ्या विमानांत कुंभारीण माशी भोकात मातीचं घर करते, दोन दिवस पुरतात तिला. भोकात तार घालून खरवडू नका, नळी काढून साफ करणं एएमईचं काम.

१५. पंखावर बर्फ असेल तर हॉर्न आधी वाजेल का?

उलट, कदाचित वाजण्याआधीच स्टॉल होईल. सेन्सर कोन मोजतो, पंख स्वच्छ आहे की नाही हे त्याला कळत नाही. बर्फाने, अगदी सॅंडपेपरसारख्या खरखरीत दवबर्फानेही, पंख कमी कोनाला स्टॉल होतो, हॉर्न मात्र जुन्याच कोनाची वाट बघत बसतो. बर्फात उडण्याची परवानगी असलेल्या विमानांत सेन्सर गरम करतात आणि पीसी-१२ सारख्यांत बर्फाचा वेगळा मोड असतो, शेकर-पुशर कमी कोनालाच लागतात. महाराष्ट्रात जमिनीवर हा प्रश्न येत नाही, पण कॅनडात किंवा अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी पहाटे पंखावर हात फिरवून बघायची सवय लावा.

१६. बाहेरून मिळणारं एओए इंडिकेटर लावून घेऊ का?

चांगली गोष्ट आहे, हॉर्न शेवटी ओरडतो, इंडिकेटर आधीपासून कोन सरकताना दाखवतो. अमेरिकेत फेब्रुवारी २०१४ मध्ये एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) छोट्या विमानांना हे बसवणं सोपं केलं. आपल्याकडे असा बदल डीजीसीएच्या (भारतातल्या नियामकाच्या) मान्यतेशिवाय नाही. आणि बसवल्यावर हवेत कॅलिब्रेट केल्याशिवाय त्या रंगीत दिव्यांना काही अर्थ नाही, मूळ हॉर्नची जागाही ते घेत नाही.

१७. हॉर्न वाजत नाहीये पण एकच सॉर्टी (उड्डाण) बाकी आहे, उडू का?

नाही. १७२ एसच्या आवश्यक उपकरणांच्या यादीत स्टॉल वॉर्निंग आहे. स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहा, एएमईला सांगा, चहा प्या.

१८. कॉलेज प्रोजेक्टला एओए सेन्सर बनवतोय, टेस्ट कशी करू?

पातं हलकं ठेवा आणि त्याचा तोल अक्षावर बरोबर साधा, नाहीतर ते वाऱ्याबरोबर गुरुत्वाकर्षणही मोजेल. पोटेन्शिओमीटरपेक्षा चुंबकीय सेन्सर बरा, घर्षण नसतं. विंड टनेलमध्ये कोन शून्यापासून वर न्या आणि तसाच परत खाली आणा, दोन्ही वेळच्या रेषा जुळल्या नाहीत तर पातं कुठेतरी अडकतंय. ड्रोनवर किंवा मॉडेलवर लावताना पंखापासून पुढे किमान पंखाच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या) रुंदीएवढ्या लांब दांडीवर लावा, कारण पंखाच्या अगदी पुढची हवा आधीच वर वळलेली असते आणि कोन फुगलेला दिसतो. एवढं करूनही फरक राहतोच, तो काढायला शांत हवेत, पंख आडवे ठेवून, स्थिर वेगाने उडवा आणि विमानाचा पिच वजा चढाईचा कोन हा हिशोब पात्याच्या आकड्याशी वेगवेगळ्या वेगांवर ताडून बघा. रिपोर्टमध्ये ही तुलना टाका, परीक्षक बहुतेक तिथेच बोट ठेवतात.